गाडी येण्याआधीचा फोटो

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की लोक वडापावाकडे वळतात आणि मी शेवटच्या डब्याकडे चालू लागते. तिथे, मुंबईच्या बाजूला, बँकर म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं लागत असतात. कर्जतच्या पुढे घाट सुरू होतो. त्याचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. लांबलचक गाडी तिथे पुढच्या एकट्या इंजिनाला ओढवत नाही, म्हणून मागून दोन-तीन इंजिनं जोडतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. ती जोडणारा माणूस म्हणजे पॉइंट्समन. माझे वडील ३१ वर्षं रेल्वेत होते, त्यातली बरीचशी इथेच, हेच काम करत. त्यांचा कामावरचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ती खंत होती म्हणून मी कॅमेरा हातात घेतला. आता पंधरा वर्षं झाली.

रेल्वेचे फोटो काढायला शिकणारी नवीन मुलंमुली विचारतात, ताई, कॅमेरा कुठला घेऊ, शटर किती ठेवू. सांगते सगळं. पण त्याआधी एक सवय लावून घ्या, बाकीचं तिच्या मागून येतं.

जागेवर पोचलात की गाडी यायच्या आधी रिकाम्या रुळांचा फोटो काढा आणि तो नीट बघा. वळण कुठून येतंय, कुठे नाहीसं होतंय? उजेड रुळाच्या कुठल्या बाजूला पडलाय? कोपऱ्यात नको असलेली एखादी पाटी, केबलचं भेंडोळं, अर्धा कापला गेलेला खांब घुसलाय का? हा रिकामा फोटोच बघावासा वाटत नसेल तर गाडी येऊन तो सुधारत नाही. जागा बदला. माझी पहिली दोन वर्षं हे न कळल्यामुळे गेली. हजारभर फोटो होते आणि सगळे एकसारखे: मधोमध इंजिनाचं तोंड, वर पांढरं आभाळ, आभाळावर तारांचं जाळं. कुठलं इंजिन, कुठल्या शेडचं, हे मला माहीत होतं म्हणून मला ते आवडायचे. दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसत नव्हतं.

पळसदरीचं उदाहरण देते. कर्जतनंतरचं हे छोटं स्टेशन, खोपोलीच्या लोकल इथे थांबतात आणि घाटाची लाइन इथूनच वेगळी होऊन डोंगराला भिडते. जुलैत समोरचे डोंगर काळे-हिरवे होतात आणि त्यांच्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. मी सुरुवातीला खाली रस्त्याच्या कडेला उभी राहायचे. खालून बघितलं की गाडीच्या मागे आभाळ येतं, पावसाळ्यात ते पांढरंफटक असतं आणि प्रत्येक तार त्यावर पेनाने ओढल्यासारखी दिसते. मग एकदा गावाच्या पायवाटेने थोडी वर चढले. तीस-चाळीस पावलंच. वरून बघितल्यावर गाडीच्या मागे डोंगर आला आणि त्या गडद हिरव्यात तारा दिसेनाशा झाल्या. खांब राहिले, पण ते एका लयीत, वळणाबरोबर वळत गेलेले. आता रिकामी चौकटच सुंदर होती. त्या दिवशी जी मालगाडी आली ती साधी कोळशाच्या वाघिणींची होती, आणि तोच फोटो माझ्या भिंतीवर आहे.

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या लाइनींवर आता वीज आली आहे. कोकण रेल्वेचंही विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे तारा आणि खांब नकोत म्हणून चालणार नाही, त्यांना चित्रात घ्यायला शिकावं लागतं. एक, शक्य तिथे उंचावरून काढा. दुसरं, इंजिनाचं नाक दोन खांबांच्या मधोमध असताना क्लिक करा. क्षणभर उशीर झाला की खांब थेट इंजिनाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. आणि तिसरं म्हणजे त्या खांबांवरचे आकडे वाचा. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. मी वहीत लिहून ठेवते: अमुक खांब, अमुक महिना, इतके वाजता ऊन बाजूने. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तिथे गेलं की उजेड माझी वाट बघत असतो.

उजेडाबद्दल एवढंच लक्षात ठेवा की गाडीला दोन बाजू असतात, तोंड आणि अंग. सूर्य तुमच्या पाठीमागे थोडा एका बाजूला असला तर दोन्ही उजळतात. लाइन दक्षिणोत्तर असेल, जशी कोकणात बऱ्याच ठिकाणी आहे, तर सकाळी पूर्वेला उभं राहायचं, दुपार टाळायची आणि संध्याकाळी पश्चिमेला जायचं. पण हा झाला नीटनेटक्या फोटोचा नियम. मला जास्त आवडते ती मावळतीची तिरीप. सूर्य अगदी खाली आला की त्याच्या दिशेने तोंड करून थोडं तिरकं उभं राहा. बाकी सगळं काळोखात जातं आणि डब्यांच्या अंगावर सोन्याची एक पट्टी उमटते. रूळही तसेच चमकतात. त्यातही ज्या रुळावरून दिवसभर गाड्या जातात तोच चमकतो, बाजूच्या, कमी वापरातल्या लूप लाइनचा रूळ गंजून तपकिरी असतो. दोन्ही शेजारी शेजारी आले तर गाडीशिवायही फोटो होतो.

एकच गाडी वर्षभर धरून बघा. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन संध्याकाळी ५:१० ला मुंबईहून निघते आणि साधारण दीड तासाने कर्जतला बँकर घ्यायला थांबते. जूनमध्ये त्या वेळी सूर्य मावळायला अर्धा तास तरी बाकी असतो. ढग फाटले तर अख्खी गाडी पिवळ्या उजेडात न्हाते. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारासच गेलेला असतो. तेव्हा उरतात ते खिडक्यांचे चौकोन, फलाटावरचे दिवे आणि चहाची वाफ. तीच जागा, तीच गाडी, पण ही दोन वेगळी चित्रं आहेत. ज्यांना रोज लांब जाणं जमत नाही त्यांनी आपल्या घराजवळचं एक स्टेशन निवडावं आणि बारा महिने तिथेच काढावेत. जितक्या झपाट्याने मी यातून शिकले, तितक्या झपाट्याने कुठल्याही सहलीतून शिकले नाही.

आता शटर. समोरून येणारी गाडी लांबच्या लेन्सने काढताना १/५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, पुरतं. आडवी, वेगात जाणारी असेल तर १/१००० च्या वर जा. घाट चढणारी गाडी सावकाश असते, तिथे १/२५० वरही ती स्थिर मिळते. ऑटोफोकसवर विसंबू नका, पावसात तो थेंबांवर नाहीतर तारांवर जातो. रूळावरची एखादी खूण, समजा तो खांब, आधीच ठरवा, त्यावर फोकस करून ठेवा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि इंजिनाचं नाक तिथे आलं की दाबा.

पण सगळं गोठवलेला फोटो मला पार्क केलेल्या गाडीसारखा वाटतो. गाडी धावते, ते धावणं दिसलं पाहिजे. त्यासाठी पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, शिका. ज्या छोट्या स्टेशनात फास्ट लोकल न थांबता जाते तिथे फलाटाच्या मध्यावर, पिवळ्या पट्टीच्या चांगलं मागे उभं राहा. पाय जिथे क्लिक करणार त्या दिशेला रोवा, कंबर लोकलकडे वळवा, एका खिडकीवर किंवा दारातल्या माणसावर नजर धरा आणि त्याच्याबरोबर वळत या. शटर १/६० पासून सुरू करा, हात बसला की १/३०. क्लिक झाल्यावर थांबू नका, वळत राहा. बहुतेकांचे फोटो इथेच हलतात. वीस काढले की एखादा येतो. तो आला की दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट असतो आणि मागची सगळी भिंत रंगाचे ओघळ होऊन वाहत असते.

वेगाची भीती वाटत असेल तर नेरळला जा. १९०७ पासूनची दोन फुटी रुळांची माथेरानची गाडी इतकी हळू चालते की एका वळणावर चार वेगवेगळ्या चौकटी करून बघता येतात. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, फक्त वर अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालतात. त्या धुक्यात झाडांमधून गाडीचा दिवा आधी दिसतो आणि मग हळूहळू इंजिन.

दिव्यावरून आठवलं. अंधार पडू लागला की इंजिनाचा हेडलाइट फोटो खातो. कॅमेरा भोवतालचा काळोख बघून उजेड वाढवतो आणि समोर नुसता पांढरा गोळा राहतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक ते दोन स्टॉप खाली आणा (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), गाडी वळणावर अजून तिरकी असतानाच काढा म्हणजे दिव्याचा झोत थेट लेन्समध्ये येत नाही. आणि लोकलच्या कपाळावरची अक्षरं अर्धवट का येतात, हे पुष्कळ जण विचारतात. ते एलईडी सतत लुकलुकत असतात, डोळ्याला कळत नाही इतकंच. वेगवान शटर त्यांना अर्धं विझलेलं पकडतं. अक्षरं पूर्ण हवी असतील तर १/६० किंवा त्याहून सावकाश शटर ठेवा, म्हणजे लोकल थांबलेली किंवा नुकती हललेली असताना काढा.

पाऊस दाखवायचा असेल तर मागे गडद काहीतरी लागतं. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसत नाही. बोगद्याचं तोंड, काळा कातळ, फलाटाच्या छपराखालचा अंधार यांपैकी एक मागे घ्या. १/१२५ च्या आसपास धारा रेघांसारख्या येतात, १/१००० ला त्यांचे ठिपके होतात. मागून एखाद्या इंजिनाचा दिवा आला तर तो क्षण सोडू नका, प्रत्येक थेंब पेटतो. कॅमेरा वाचवायला मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन वापरते: तळाला भोक पाडून लेन्स बाहेर काढायची आणि रबरबँड लावायचा. घरी आल्यावर कॅमेरा पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा. आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो, माझी एक चांगली लेन्स तशीच गेली.

फोनवाल्यांनी निराश होऊ नये. बोटाने चिमटून झूम मात्र करू नका, चित्र फाटतं. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा आणि गाडी लांब असेल तर ती छोटीच राहू द्या. मोठ्या डोंगराखाली काडीएवढी गाडी, हा फोटो महागड्या लेन्सवाल्यांना सुचतच नाही. रात्री फोन फलाटावरच्या बाकावर टेकवून ठेवा, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवा. लोकल निघताना तिचा प्रवाह होतो आणि बाकावर न हलता बसलेली बाई तेवढी स्पष्ट राहते.

आता पुन्हा शेवटच्या डब्याकडे या, कारण माझ्या मते खरा फोटो तिथे आहे. बँकर हळूहळू मागे येतात, शेवटचं मीटरभर अंतर तर जेमतेम सरकत. पॉइंट्समन एका बाजूला उभा राहून हात दाखवतो. धक्का बसतो, सगळ्या डब्यांतून तो पुढे जाताना ऐकू येतो. मग पॉइंट्समन वाकतो, आत शिरतो, कपलिंग तपासतो, हवेचे होज पाइप जोडतो. हवा भरली की पाइप फुरफुरतो आणि ताठ होतो. पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागची उत्तर देतात आणि गाडी एकाच वेळी ओढली आणि ढकलली जाऊ लागते. या सगळ्याला काही मिनिटंच लागतात. मी फलाटावरून, ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, १/१२५ ठेवून फक्त हात काढले. काळं ग्रीस नखांत गेलेलं, मनगटावर लाल दोरा, मूठ पाइपाच्या तोंडावर. इंजिन त्या फोटोत नाहीच, मागे नुसती पिवळ्या-लाल रंगाची पुसट भिंत आहे. माझ्या आईने तो फोटो बघितला आणि बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

अशी माणसं काढताना आधी विचारा. काम चालू असताना नाही, गाडी गेल्यावर किंवा आदल्या दिवशी. गेटमन, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या (लोखंडी पाचरी) तपासत मैलोन्मैल चालणारा कीमन, रूळ दुरुस्त करणारी गँग यांना रोज हजारो लोक खिडकीतून बघतात आणि कोणी नाव विचारत नाही. नाव विचारा. नको म्हणाले तर नको. चेहऱ्याशिवायही खूप काही असतं: खुंटीला टांगलेला हिरवा-लाल झेंडा, वाघिणीवर खडूने लिहिलेले आकडे, पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची, फाटकाजवळच्या खोलीतला स्टोव्ह.

गाडी कधी येणार हे रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर कळतं, पण मालगाडीचं आणि परत फिरणाऱ्या बँकरचं वेळापत्रक तुमच्या हाती नसतं. सिग्नल वाचायला शिका. लाल असलेला सिग्नल पिवळा झाला की कॅमेरा वर घ्या.

आणि हे मी रागाने लिहिते आहे, कारण असा फोटो काढताना गेलेल्या माणसाच्या अंत्यविधीला मी गेले आहे. रुळावर उभं राहून फोटो काढू नका. एकदाही नाही, एका सेकंदासाठी नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातला की अंतराचा अंदाज जातो. लांबच्या लेन्सने गाडी एकाच जागी उभी असल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या लाइनवरून काय येतंय ते दिसतच नाही. घाटातून परत येणारे बँकर डब्यांशिवाय येतात, आवाज फार कमी असतो. विनापरवाना रुळांत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक, मोनोपॉड, छत्री बाहेर काढू नका. दोन मीटर अंतर हे कमीत कमी समजा. चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका, तो हजारेक माणसं घेऊन चाललेला असतो. कानात इअरफोन नको.

उभं राहायला जागा पुष्कळ आहेत. फलाट, पादचारी पूल, रस्त्याचा पूल, गावाची पायवाट, शेतकऱ्याला विचारून त्याचा बांध. फलाटावर तिकीट घेऊन जा, आधी स्टेशन मास्तरांना भेटा. ट्रायपॉड, दिवे, पैसे घेऊन करायचं काम या सगळ्याला रीतसर परवानगी लागते. आरपीएफचा जवान नको म्हणाला तर कॅमेरा पिशवीत टाका, वाद घालू नका. दोनचार वेळा असं वागलात की तेच लोक पुढे स्वतःहून सांगतात, ताई, आज दोन वाजता लांब मालगाडी आहे.

घरी आल्यावर फोटोवर फार काम करू नका. क्षितिज सरळ करा, कोपऱ्यातला कचरा कापून टाका, पावसाळ्यातल्या हिरव्याचा भडकपणा थोडा कमी करा. डोंगर तितका हिरवा असतोच, त्याला आणखी हिरवा केला की खोटा वाटतो.

आणि छापा. ज्याचा फोटो काढला त्याला मोबाइलवर पाठवून सोडून देऊ नका; सहा बाय आठच्या कागदावर छापून, मागे तारीख आणि स्टेशन लिहून, हातात द्या. गेल्या दिवाळीत मी तसे चौदा दिले. एका फाटकाजवळच्या खोलीत तो आता झेंड्यांच्या शेजारच्या खिळ्याला लावलेला आहे, आणि मागच्या बाजूला माझ्या अक्षराखाली त्या गेटमनने स्वतःच्या अक्षरात आपल्या दोन्ही मुलींची नावं लिहिली आहेत.